डॉक्टरांची सिगारेट

जाहिरात खोटे बोलते अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. कसलेली जाहिरात पुष्कळदा खरे तेवढेच सांगते आणि खोटे अनुमान आपल्याकडून काढवून घेते. आपल्या न्यायशास्त्रात याला हेत्वाभास असे नाव आहे. हेत्वाभास म्हणजे कारणासारखे दिसणारे, पण कारण नव्हे असे काहीतरी. याचे एक उदाहरण इतिहासातून पाहू.

१९४६ साली अमेरिकेत आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने आपल्या कॅमल सिगारेटसाठी एक मोहीम उघडली. जाहिरातीत पांढऱ्या डगल्यातला डॉक्टर असे आणि मजकूर असा की, इतर कोणत्याही सिगारेटपेक्षा कॅमल ओढणारे डॉक्टर अधिक आहेत. १,१३,५९७ डॉक्टरांना विचारल्याचा आकडाही दिलेला होता. पण त्यांना विचारले काय? तुम्ही कोणती सिगारेट ओढता, एवढेच! ती प्रकृतीला अपायकारक आहे काय, हा प्रश्नच नव्हता. त्यात वैद्यकीय परिषदांतून कंपनी कॅमल फुकट वाटीत असे. आता आकडा खरा धरला, तरी त्यातून काय निघते? ‘म्हणून ही सिगारेट निर्धोक’ हे वाक्य जाहिरातीत कोठेच नव्हते. तो ‘म्हणून’ वाचकाने आपल्या पदरचा घातला.

आप्ताचे वचन प्रमाण मानावे असे न्यायदर्शन सांगते. पण आप्त कोण? ज्याला विषयाचे खरे ज्ञान आहे आणि ते जसेच्या तसे सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. येथे डॉक्टर जाणकार म्हणून बोलतच नव्हता. तो केवळ गिऱ्हाईक होता. डगला मात्र जाणकाराचा होता.

१९५० साली इंग्लंडात डॉल व हिल यांनी आणि अमेरिकेत विंडर व ग्रॅहम यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आकडेवारीने दाखविला. तेव्हा कंपन्यांनी दुसरी वाट धरली. ४ जानेवारी १९५४ रोजी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत त्यांचे एक निवेदन झळकले. कर्करोगाची संभाव्य कारणे अनेक आहेत, तज्ज्ञांत एकमत नाही, सिगारेटविरुद्ध पुरावा नाही, असा त्याचा आशय होता. कारणे अनेक असतील. पण तेवढ्याने त्यांपैकी एक निर्दोष कसे ठरते? हा युक्तिवाद आमच्या ओळखीचा आहे. कापसाच्या धुळीने कामगार खोकतो असे आम्ही म्हणावे आणि खोकल्याची कारणे पुष्कळ असतात असे उत्तर यावे, हे आम्ही वाटाघाटींच्या टेबलाशी ऐकले आहे. अशा उत्तराने वर्षे निघून जातात, आणि ती कामगाराच्या आयुष्यातून वजा होतात.

१९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने सिगारेटवर स्पष्ट ठपका ठेवला. आपल्याकडे तंबाखूच्या जाहिरातींना मनाई करणारा कायदा २००३ साली झाला. पण कायदा एका मालाला आवर घालतो. अनुमानाची सवय तशीच राहते. डगला आज दंतमंजनाच्या आणि पौष्टिक पेयांच्या जाहिरातींत दिसतो. महिन्याच्या पगारातून असा डबा घेण्यापूर्वी घरात तीन प्रश्न विचारावेत: बोलतो कोण, त्याला विचारले काय होते, आणि मधला ‘म्हणून’ कोणी घातला?