चिंचपोकळीत ड्राइव्ह-थ्रू शोधताना

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराने २०१९ मध्ये नव्या ड्राइव्ह-थ्रू खिडक्यांवर बंदी घातली. गाडीतून न उतरता बर्गर घेता येतो खरा, पण त्यासाठी गाड्या फुटपाथ ओलांडून आत-बाहेर करतात आणि चालणाऱ्याची वाट तुटते. हा विषय घेऊन चिंचपोकळीत आलात तर पहिल्याच दिवशी घोडं अडेल. स्टेशनबाहेर वडापाव घ्यायला कोण गाडीतून येतंय?

पण विषय टाकू नका, प्रश्न बदला. ड्राइव्ह-थ्रू हे नाव बाजूला ठेवा आणि विचारा: इथल्या नियमांनी गाडीला जागा कुठे दिली, आणि कशाच्या बदल्यात?

गिरणगावातल्या चाळी पायी चालणाऱ्यांसाठी बांधलेल्या. भोंगा झाला की माणूस चालत गिरणीत. लांब जायचं तर लोकल किंवा ट्राम. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली, विजेची १९०७ मध्ये, आणि शेवटची ३१ मार्च १९६४ च्या रात्री धावली, बोरीबंदर ते दादर, म्हणजे आपल्याच भागातून. जवळपास त्याच सुमाराला विल्बर स्मिथ या अमेरिकी कंपनीचा वाहतूक अहवाल बेटाच्या पूर्व-पश्चिम कडेने द्रुतगती मार्ग सुचवत होता. ट्रामचे रूळ गेले आणि मोटारीसाठीचे नकाशे आले, हा योगायोग मला तरी साधा वाटत नाही.

खरी गोष्ट मात्र १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत आहे. ती वाचायला कंटाळवाणी आहे, पण वाचाच. नियम ३६ ने नव्या इमारतीला पार्किंग सक्तीचं केलं. नियम ३५ ने झाकलेल्या पार्किंगची जागा एफएसआयच्या मोजणीतून वगळली. म्हणजे माणसाच्या खोलीचा चौरस फूट मोजायचा, गाडीच्या जागेचा नाही. आज टॉवरच्या खाली जे पार्किंगचे मजले दिसतात, ज्यांच्या कडेने चालताना ना दुकान लागतं ना ओटा, त्यांचं मूळ इथे आहे.

त्याच नियमावलीतला नियम ५८ गिरण्यांच्या जमिनीचा. जमिनीचे साधारण तीन वाटे: एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त गिरणीतल्या आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. प्रकरण कोर्टात गेलं. उच्च न्यायालयाचा निकाल दुरुस्तीचा असा अर्थ लावण्याच्या विरोधात, तर मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती उचलून धरली. सुमारे ६०० एकरांचं भवितव्य ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांच्या अर्थावर ठरलं! शोधनिबंध लिहिणाऱ्याने व्याख्येचं कलम आधी का वाचायचं, ते यातून कळेल.

पुढे २००८ मध्ये ३३(२४) आला. बिल्डरने सार्वजनिक वाहनतळ बांधून पालिकेला द्यायचा आणि बदल्यात जादा एफएसआय घ्यायचा. गाडी उभी करायची जागा आता विकासाचं चलनच झाली. २०११ मध्ये लालबागचा उड्डाणपूल सुरू झाला. भायखळ्याहून परळला जाणाऱ्या गाडीला चिंचपोकळीत थांबायची गरजच उरली नाही. (चिंतामणीच्या आगमनाच्या दिवशी पुलाखाली पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा रस्ता कोणाचा हे वर्षातून एकदा वेगळं दिसतं.)

आता कामाचं. असे बदल एमआरटीपी कायदा १९६६ च्या कलम ३७ खाली होतात. त्यात जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. शासन निर्णय सगळेच वाचतात. तुम्ही हरकतींच्या फायली मागा. कोणी हरकत घेतली, पत्ता चाळीचा की कार्यालयाचा, आणि उत्तरात कोणाची गैरसोय मोजली गेली, हे बघा. पहिलं प्रकरण तिथून सुरू करता येईल.