एकट्याची युगलगीतं

परवा माळा आवरायला काढला. म्हणजे बायकोने काढला, मी शिडी धरून उभा होतो. एका बुटांच्या खोक्यात जुन्या कॅसेट्स आणि त्यांच्या खाली एक सीडी निघाली. फ्रँक सिनात्राची 'ड्युएट्स'. १९९६ साली मामा अमेरिकेहून आला तेव्हा माझ्यासाठी घेऊन आला होता. आता घरात सीडी लावायला यंत्रच नाही. लॅपटॉपलाही ती फट राहिलेली नाही. शेवटी फोनवर शोधून ऐकली आणि हातात मात्र सीडीची डबी धरून बसलो.

मामा १९७९ पासून जर्सी सिटीत. सिनात्रा शेजारच्या होबोकेनचा, १२ डिसेंबर १९१५ चा जन्म. मामा नव्याने गेला तेव्हा ऑफिसातल्या इटालियन सहकाऱ्यांनी त्याला बाकी काही शिकवलं नाही, पण सिनात्रा शिकवला. 'आमच्या गावचा आहे तो' हे मामा इतक्या थाटात सांगायचा की जणू सिनात्रा सदाशिव पेठेतून तिकडे गेला असावा.

मी तेव्हा विशीतला शहाणा होतो. सीडी दोनदा ऐकली आणि मामाला तोंडावर सांगितलं, "हे खोटं आहे." कारण तोवर कुठेतरी वाचलं होतं की या रेकॉर्डवरच्या तेरा गाण्यांपैकी एकाही गाण्यात सिनात्रा आणि त्याचा जोडीदार एका खोलीत नव्हते. मामा काही बोलला नाही. "ऐक रे सावकाश," एवढंच म्हणाला.

तर सावकाश ऐकायला मला जवळजवळ तीस वर्षं लागली. आणि ऐकता ऐकता त्या रेकॉर्डच्या मागची गोष्ट वाचत गेलो. ती मला रेकॉर्डपेक्षाही जास्त आवडली, म्हणून आज हा प्रपंच.

सिनात्राचा त्याआधीचा स्टुडिओ अल्बम १९८४ चा. मधली नऊ वर्षं तो कार्यक्रम करत होता, पण नवा स्टुडिओ अल्बम काढत नव्हता. ध्वनिमुद्रणाचं अजीर्ण झालेलं असणार असं वाटेल, पण खरं कारण साधं असावं. मैफलीत सूर हलला तर तो टाळ्यांत वाहून जातो. रेकॉर्डवर तो कायमचा राहतो, आणि शेजारी तुमच्याच चाळिशीतली रेकॉर्ड ठेवलेली असते. १९९३ साली तो ७७ वर्षांचा होता. आवाज जाडाभरडा झाला होता, श्वास कमी पडत होता. रंगमंचावर गाण्याचे शब्द पडद्यावर सरकत असायचे, कारण पन्नास वर्षं गायलेले शब्द ऐनवेळी दगा द्यायला लागले होते.

अशा माणसाला परत स्टुडिओत आणायचं तर काहीतरी निमित्त पाहिजे. ते निमित्त दोन वर्षांपूर्वी तयार झालं होतं. नॅट किंग कोल हा सिनात्राच्याच पिढीचा मोठा गायक, १९६५ साली गेला. १९९१ मध्ये त्याची मुलगी नॅटली हिने बापाच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर आपला आवाज चढवून त्याच्याबरोबर 'अनफर्गेटेबल' हे गाणं केलं. लोक ढसाढसा रडले, ग्रॅमी मिळाल्या, आणि कंपन्यांच्या लक्षात आलं की युगलगीताला दोन्ही माणसं हजर असायची गरज नाही. एक तर जिवंत असायचीही गरज नाही!

मग कॅपिटॉल कंपनीने सिनात्राला बोलावलं. कल्पना अशी की जुनी गाजलेली गाणी पुन्हा गायची आणि प्रत्येक गाण्यात एखाद्या नव्या दमाच्या कलाकाराची साथ. म्हणजे आजोबांच्या रेकॉर्डला नातवंडांचं गिऱ्हाईक. निर्माता होता फिल रेमोन. हा माणूस लक्षात ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे. (जगात पहिल्यांदा सीडीवर विक्रीला आलेला अल्बम म्हणून बिली जोएलचा 'फिफ्टी सेकंड स्ट्रीट' ओळखला जातो, १९८२ साली, जपानात. त्याचा निर्माताही हाच रेमोन. माझ्या हातातल्या डबीचा तोही एक प्रकारे पूर्वजच.)

सिनात्राने पहिल्यांदा विचारलं ते रास्तच होतं. ही गाणी मी एकदा चांगली गायलोय, परत कशाला? रेमोनने नंतर सांगितलंय की त्याने लॉरेन्स ऑलिव्हिएचं उदाहरण दिलं. ऑलिव्हिएने तरुणपणी शेक्सपिअर केला आणि म्हातारपणीही केला, शब्द तेच पण अर्थ वेगळा झाला. लोकांना तो दुसरा अर्थ ऐकायचा हक्क आहे की नाही? हा युक्तिवाद मला फार आवडला. आपल्याकडे हे पटवून द्यावं लागत नाही. सत्तरीच्या गवयाने यमन पुन्हा का गायचा असं कोण विचारतो? पण तिकडे रेकॉर्ड म्हणजे शेवटचा शब्द.

१९९३ च्या जून-जुलैत हॉलिवूडच्या कॅपिटॉल टॉवरमध्ये वाद्यवृंद जमला. हा टॉवर म्हणजे ती प्रसिद्ध गोल इमारत, तबकड्यांची चळत रचून ठेवल्यासारखी. ती १९५६ साली उघडली तेव्हा तिथल्या पहिल्या ध्वनिमुद्रणात वाद्यवृंदाचं संचालन करत होता खुद्द सिनात्रा. पुढे कंपनीशी बिनसलं, त्याने स्वतःची 'रिप्राइज' काढली आणि १९६१ नंतर हे घर सोडलं. म्हणजे तीसेक वर्षांनी म्हातारा त्याच घरात परत येत होता.

आला, आणि काचेमागची गायकाची बंद खोली बघून म्हणाला, मी यात गाणार नाही. गळा बरा नाही म्हणून निघूनही गेला. पहिल्या संध्याकाळी अशाच वाया गेल्या. एवढा मोठा वाद्यवृंद वाद्यं परजून बसलेला, आणि मुख्य माणूस दारातून परत! (ज्यांनी घरच्या म्हाताऱ्या माणसाला डॉक्टरकडे न्यायचा प्रयत्न केलाय त्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. "आज नको, उद्या बघू.")

शेवटी रेमोनने शहाणपण केलं. बंद खोली सोडून दिली, वाद्यवृंदाजवळ एक छोटासा रंगमंचच उभा केला आणि हातात मैफलीतला बिनतारी माइक दिला. ध्वनिमुद्रणाच्या शास्त्राप्रमाणे हे चुकीचं. ब्रास आणि ड्रम्सचा आवाज गायकाच्या माइकमध्ये घुसतो, मग नंतर तो तेव्हा वेगळा काढता येत नसे. पण त्या माणसाला स्टुडिओचं भय होतं, रंगमंचाचं नव्हतं. मग एका रात्री तो उभा राहिला आणि एकामागून एक गाणी गात सुटला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण मला विशीत ती कळली नव्हती. तो गाणी पूर्ण गायला. एकट्याने, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. जोडीदार कोण असणार, कुठल्या ओळी त्याच्या, यासाठी त्याने जागा सोडल्या नव्हत्या. त्या नंतर कापून तयार केल्या गेल्या. मग डिजिटल टेलिफोनच्या तारांवरून हे ध्वनिमुद्रण शहराशहरांत पाठवलं. अरीथा फ्रँकलिन डेट्रॉइटमध्ये गायली, आयरिश बँड यूटूचा बोनो डब्लिनमध्ये. बार्ब्रा स्ट्रायसँडने गाण्यात मध्येच त्याचं नाव घेतलं, मग त्यानेही तिचं नाव घ्यायला नको का? ते त्याच्याकडून नंतर वेगळं वदवून घेतलं आणि जोडलं. (एक शब्द, स्वतंत्र ध्वनिमुद्रण!)

२ नोव्हेंबर १९९३ ला रेकॉर्ड आली. समीक्षकांपैकी कित्येकांनी माझ्यासारखीच नाकं मुरडली. फोनवरून उरकलेलं गाणं, वगैरे. लोकांनी मात्र उचलून धरली. बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, एकट्या अमेरिकेत तीस लाखांवर प्रती गेल्या. पुढच्या वर्षी दुसरा भागही निघाला.

आता माझं मत. युगलगीतं म्हणून ही रेकॉर्ड आजही मला फसलेलीच वाटते. बोनोबरोबरचं गाणं घ्या. हे गाणं सिनात्राने १९५६ साली नेल्सन रिडलच्या संयोजनात असं काही गायलंय की त्यातला ट्रॉम्बोन आला की माणूस खुर्चीतून उठतो. १९९३ मध्ये बोनो त्याच्या भोवती लाडात येऊन कुजबुजत राहतो आणि म्हातारा सरळ आपल्या वाटेने चालत राहतो, त्याला पत्ताच नाही. लग्नाच्या फोटोत नंतर चिकटवलेल्या काकांसारखं दिसतं ते.

पण सिनात्राचा आवाज तेवढा वेगळा काढून ऐका. (कानाने काढा.) काही जागी सूर लागत नाही आणि तो लपवत नाही. लांब ओळ एका श्वासात घेणं ही ज्याची ख्याती, तो आता मध्ये थांबतो, आणि थांबल्यावर शब्द बोलून टाकतो. या रेकॉर्डवर खरं जे आहे ते एवढंच, पण ते अस्सल आहे. आणि बाकीची बारा-तेरा माणसं होती म्हणूनच तो तिथवर आला. 'फ्रँक, एकट्याची रेकॉर्ड करू' म्हटलं असतं तर तो काचेची खोली बघून कायमचा परत गेला असता.

त्यानंतर वेळ फार उरला नव्हता. मार्च १९९४ मध्ये व्हर्जिनियात रिचमंडला गाता गाता तो रंगमंचावर कोसळला. त्याच वर्षी डिसेंबरात जपानमध्ये फुकुओकाला शेवटचे जाहीर कार्यक्रम झाले. १४ मे १९९८ ला गेला.

रेमोनला मात्र ही टीका कुठेतरी लागली असावी, हा माझा अंदाज. कारण नंतर रे चार्ल्सचा 'जीनियस लव्ज कंपनी' हा युगलगीतांचा अल्बम आला, त्याच्या दोन निर्मात्यांपैकी एक तो होता आणि इथे पाहुणे प्रत्यक्ष येऊन रे चार्ल्सबरोबर गायले. बरीचशी गाणी लॉस एंजेलिसमधल्या रे चार्ल्सच्या स्वतःच्या स्टुडिओत झाली. यात नोरा जोन्स आहे, आपल्या पंडित रविशंकरांची मुलगी, तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर. दोघांच्या गाण्यात ती पुढे पुढे करत नाही, त्याच्या अर्धा पाऊल मागे राहते. नॅटली कोलही आहे. ती सिनात्राच्या रेकॉर्डवरही होती. म्हणजे बाप नसताना बापाबरोबर, सिनात्रा नसताना सिनात्राबरोबर, आणि शेवटी एकदाची समोरच्या म्हाताऱ्याबरोबर गायली! चार्ल्स तोवर यकृताच्या दुखण्याने खंगला होता. मार्च २००४ मध्ये एल्टन जॉनबरोबर गायला ते त्याचं शेवटचं ध्वनिमुद्रण. १० जूनला गेला, ३१ ऑगस्टला रेकॉर्ड आली, आठ ग्रॅमी मिळाल्या.

टोनी बेनेटचं तर विचारूच नका. सिनात्राच्या रेकॉर्डवर तोही तारेवरूनच गायला होता. स्वतःची पाळी आली तेव्हा २००६ आणि २०११ च्या दोन्ही अल्बमना त्याचा हट्ट, समोरासमोर उभं राहूनच गायचं. निर्माता? रेमोनच. मार्च २०११ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोडवर एमी वाइनहाउस आली तेव्हा ती इतकी घाबरली होती की गाता येईना. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बेनेटने तिच्याशी तिच्या आवडत्या डायना वॉशिंग्टनबद्दल गप्पा काढल्या, मग ती गायली. चार महिन्यांनी ती गेली, वय २७. तारेवरून हे झालं नसतं.

आपल्याकडे हेच उलटं घडलं. मेहबूब किंवा फेमस स्टुडिओत एका माइकवर दोघं गायक खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, मागे शंभर वादक. एकाने खोकलं तर पुन्हा पहिल्यापासून. नंतर ट्रॅकचा जमाना आला, ती दुपारी येते, तो रात्री येतो. यावर जुन्या लोकांची रडगाणी आपण पुष्कळ ऐकली आहेत, मीही त्यात कोरस धरलाय. असो.

तर मामाकडे परत. ज्या खोक्यात सीडी निघाली त्यातल्या कॅसेट्स आजीच्या आहेत. तेव्हा अमेरिकेला फोन करणं म्हणजे ट्रंक कॉल, तीन मिनिटं आणि त्यातली दोन 'ऐकू येतंय का' यात. म्हणून आजी कॅसेटवर बोलायची. अ बाजूला ती, आणि कोणी जाणारं भेटलं की त्याच्याबरोबर कॅसेट जर्सी सिटीला. मामा ब बाजूला बोलून परत पाठवायचा. तीन-चार महिने लागत.

त्यातली एक मला लहानपणची पक्की आठवते, कारण आजी बोलायची तेव्हा मी शेजारी बसलेलो असे आणि मला 'गप' असायचं. ती विचारायची, "जेवलास का रे?" आणि थांबायची. चांगली दोन-तीन श्वास थांबायची, माइककडे बघत. मग "हं," असं म्हणून पुढचं बोलायची. आम्ही पोरं हसायचो. मामाने मात्र ब बाजूला पहिलंच वाक्य टाकलं होतं, "हो, जेवलो."

मामा २०१४ साली गेला. कॅसेट्स एकूण अकरा आहेत, दोनांवर बुरशी दिसते. शिल्पाताई, तुझ्याकडचा टेपरेकॉर्डर अजून चालत असेल तर कळव. पुढच्या रविवारी घेऊन येतो.