शिखरिणी, शिकरण आणि गोठवलेले दही

महाशिवरात्रीला तुमच्यापैकी पुष्कळजण चामोर्शीवरून मार्कंड्याला गेले असतील. वैनगंगा इथे उत्तरेकडे वाहते, म्हणून या जागेला क्षेत्राचा मान. थंडी सरत आलेली असते आणि दुपारी वाळू पायांना चटके देऊ लागते. अशा वेळी देवाचे पंचामृत हातावर पडते. दूध, दही, तूप, मध, साखर, आणि कुणी त्यात केळ्याचे कापही घालतात. उपाशी पोटी तो एक घोट किती बरा वाटतो, हे उपवास करणाऱ्यालाच कळेल.

हल्ली मोठ्या शहरांत काचेच्या दुकानांतून 'फ्रोझन योगर्ट' आणि 'स्मूदी' असे दोन पदार्थ मिळतात. पहिला म्हणजे साखर घालून गोठवलेले दही. दुसरा म्हणजे फळ आणि दही किंवा दूध एकत्र घुसळून केलेले दाट पेय. मिठाईपेक्षा, आईस्क्रीमपेक्षा हे प्रकृतीला चांगले, असे सांगून ते विकतात. वर्गात एका मुलाने मला विचारलं, "सर, हे अमेरिकेतून आलं ना?" गोठवलेल्या दह्याचा धंदा अमेरिकेत 1970 नंतर वाढला, हे खरे. पण दही, फळ आणि गोड यांची गाठ आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी पडली आहे. राहिला प्रश्न प्रकृतीचा. त्याचे उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही.

चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत 'रसाला' नावाचा पदार्थ येतो. दही, साखर आणि सुगंधी मसाला असे त्याचे रूप. यालाच पुढे 'शिखरिणी' म्हणू लागले. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात तर तो भीमाने केला आणि श्रीकृष्णाने चाखला, अशी कथा आहे. विराटाच्या घरी बल्लव होऊन राहिलेल्या भीमाच्या नावावर पाककृती जमा झाली, यात नवल नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. 1130च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या ताटातले पदार्थ आणि पेये सविस्तर आली आहेत. मार्कंड्याचे शिल्पी दगड घडवीत होते तो काळही साधारण याच शतकांचा. इंग्रज पुराणवस्तुशास्त्रज्ञ कनिंगहॅम 1870 नंतरच्या दशकात इथे आला आणि ही शिल्पे पाहून प्रभावित झाला. भिंतीवरच्या त्या अप्सरा काय खात होत्या ते दगड सांगत नाही, पण त्या काळच्या राजाच्या स्वयंपाकघरात काय शिजत होते ते ग्रंथ सांगतो.

शिखरिणी हा शब्द मराठीत उतरला तो 'शिकरण' होऊन. मौज अशी की शब्द राहिला आणि दही गेले! आपली शिकरण म्हणजे दूध, साखर आणि कुस्करलेले केळे. दह्याची जागा श्रीखंडाने सांभाळली. आज दुकानदार जी स्मूदी विकतो ती आपल्या शिकरणीची लांबची बहीणच म्हणायची. गंमत म्हणजे वैद्यांचे आणि शिकरणीचे फारसे जमले नाही. दुधाबरोबर खाऊ नयेत अशा फळांची यादी चरकाने दिली आहे, आणि तीत आंबा आणि जांभळाबरोबर केळेही आहे. मराठी घरांनी त्या यादीला काही दाद दिली नाही.

आता प्रकृतीचा मुद्दा. प्राचीन वैद्यांनी रसालेची स्तुती केली ती ती शरीर भरते, बळ देते म्हणून. अंग हलके व्हावे म्हणून ती कोणी सांगितली नाही. कष्ट करणाऱ्या, रोडावलेल्या माणसाचे ते अन्न. चरकाने दही रात्री खाऊ नये असेही बजावले आहे. आजचा दुकानदार याच्या बरोबर उलट जाहिरात करतो. चक्क्यात जवळजवळ त्याच्याच वजनाची साखर फेटून केलेले श्रीखंड जसे 'हलके' नाही, तसेच गोठवलेले दहीही आपोआप हलके होत नाही. उलट गार पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते, म्हणून त्यात साखर जास्त घालावी लागते. शिवाय साखरेमुळेच ते दगडासारखे घट्ट न होता मऊ राहते. आईस्क्रीमपेक्षा त्यात स्निग्धांश बहुधा कमी असतो, हे मान्य. साखर मात्र पुष्कळदा तेवढीच. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले, की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा गाळलेला रस यांतून मिळणारी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असावी; त्याच्याही निम्मी असली, म्हणजे दिवसाला सुमारे 25 ग्रॅम, तर अधिक बरे. 25 ग्रॅम म्हणजे लहान चमच्याने सहा चमचे. अख्खे फळ चावून खाल्ले तर त्याची गोडी या हिशेबात धरत नाहीत. शिक्षकांनी हा फरक फळ्यावर लिहून दाखवावा, मुलांना चटकन कळतो.

आणि गारवा? अकबराच्या काळी सोऱ्याने पाणी गार करीत, असे ऐन-ए-अकबरीत आहे. मुंबईला 1834 साली अमेरिकेतून जहाजाने बर्फ आला. आपल्याकडे खेड्यात गारवा मडक्याचा. मातीच्या भांड्यात लावलेल्या दह्याचे पाणी भांडे शोषून घेते, ते बाहेरून उडून जाते, आणि दही घट्टही होते व गारही राहते. वीज लागत नाही, पैसाही लागत नाही.

इथवर मी दह्याचीच बाजू सांगितली. पण ही बाजू साऱ्या जिल्ह्याची नाही. मार्कंड्याहून पूर्वेला आणि दक्षिणेला जसजसे जंगलात शिरावे, तसतशी दह्याची हंडी दिसेनाशी होते. माडिया लोकांच्या परंपरेत गाईचे दूध वासराचे. ते काढून माणसाने प्यावे अशी रीत नव्हती. त्यांचे गोड झाडावर. चैत्रात मोहफुले पडतात, मग चार-तेंदू, मग जांभूळ, पावसाळा सरताना सीताफळ. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखरच असते. कायद्याने या फुलाकडे बहुतेक दारूचा कच्चा माल म्हणून पाहिले. ठाणे-कुलाब्याकडे तर 1892 साली मोहाविरुद्ध खास कायदा झाला. पण बौद्ध विनयग्रंथांत भिक्षूंना दुपारनंतर चालणाऱ्या आठ पेयांची यादी आहे. तीत आंबा, जांभूळ, केळे, द्राक्ष आणि फालसा यांच्याबरोबर मोहाचे पेयही आहे, असे टीकाकार सांगतात. याच वैनगंगेच्या काठी, वरच्या अंगाला पवनी इथे, 1969-70च्या उत्खननात बौद्ध स्तूप सापडले. तिथल्या भिक्षूंच्या पात्रात जांभळाचा रस पडला असेल, तर तो याच रानातला असणार.

2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला. तेव्हा ही फळे कोणाची, हा वाद निदान कागदावर तरी मिटला आहे. पण आठवडी बाजारात बघा. जांभळाची पाटी पडत्या भावाने जाते, आणि त्याच पैशांत पोरगं रंगीत पाण्याची बाटली घेऊन येतं. मला हे बघवत नाही. जांभूळ एका दिवसात मऊ पडते, दुसऱ्या दिवशी फुकट जाते, म्हणून विकणारीचा नाइलाज असतो. बी काढून त्याचा गर दह्यात कालवला तर ते फळ निदान शाळेतल्या मुलांच्या पोटात तरी जाईल. दूध न पचणाऱ्या मुलालाही दही बहुधा सोसते, कारण विरजणात दुधातली साखर काही अंशी कमी होते.

ज्येष्ठात करून बघा. आदल्या रात्री मडक्यात दही लावा. सकाळी ते स्वच्छ फडक्यात तासभर टांगा. पिकलेली जांभळे हाताने कुस्करून, बिया काढून, त्यात मिसळा. साखर घालायचीच तर वाटीला एक लहान चमचा, आणि चिमूटभर मीठ. मडके ओल्या वाळूत ठेवा. मधल्या सुटीपर्यंत गार होते. जांभळाचा डाग मात्र सदऱ्यावरून जात नाही, तेव्हा मुलांना आधीच सांगून ठेवा.