उदासी : स्वभावाची की परिस्थितीची?

एखादा माणूस खचला, महिना-महिना घराबाहेर पडेना, धड जेवेना, कुणाशी बोलेना, की एक वाक्य हमखास कानावर येते. "त्याचा स्वभावच तसा हो. पहिल्यापासून मनाला लावून घेणारा." वस्तीत जे बोलले जाते तेच मोठमोठ्या विद्यापीठांतही बोलले गेले. फरक एवढाच की तिथे त्याला आकड्यांचा अंगरखा चढवला गेला. आजाराला त्यांनी डिप्रेशन म्हटले, म्हणजे आपले नैराश्य. स्वभावाला म्हटले न्यूरॉटिक : सतत काळजी करणारा, चटकन घाबरणारा, बारीकशा बोलण्याने दुखावणारा, एकाच गोष्टीचा कीस पाडत रात्र जागणारा. या दोहोंचा संबंध लोकांनी कसकसा लावला हा इतिहास आपल्याला माहीत पाहिजे. कारण शेवटी प्रश्न एकच येतो, खचला तर दोष कुणाचा?

सुरुवात फार जुनी आहे. भीती आणि दुःख दीर्घकाळ टिकले तर तो मेलँकोलिया, असे ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथात आहे. मेलँकोलिया म्हणजे काळे पित्त. पुढे गॅलनच्या शिकवणीतून शरीरातल्या चार रसांवरून माणसाचे स्वभाव ठरवण्याची रीत रुजली आणि ती शेकडो वर्षे चालली. म्हणजे आजार आणि स्वभाव एकाच पित्ताच्या खात्यावर मांडले गेले. न्यूरोसिस हा शब्द मात्र नवा. स्कॉटलंडचे डॉक्टर विल्यम कलन यांनी १७६९ साली तो वापरात आणला, तोही मज्जासंस्थेच्या सगळ्या विकारांसाठी. त्याचा आजचा अर्थ नंतर चिकटला.

विसाव्या शतकात इंग्लंडच्या डॉक्टरांत मोठा वाद झाला. काहींचे म्हणणे, नैराश्य दोन जातीचे : एक आतून, शरीरातून उगवणारे, आणि दुसरे न्यूरॉटिक. लंडनच्या मॉडस्ले हॉस्पिटलचे ऑब्री ल्यूइस यांनी १९३४ साली रुग्णांचा बारकाईने अभ्यास करून सांगितले की अशी स्वच्छ फाळणी होत नाही. वाद पुढे कित्येक वर्षे चालला. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या आजारांच्या यादीतून न्यूरोसिस हा वर्गच काढला. पण यादीतून नाव गेले म्हणून स्वभाव थोडाच जातो!

तो स्वभाव मोजायला निघाला हान्स आयझेंक. जन्म बर्लिनचा, १९१६ चा. हिटलरच्या राज्यात राहायचे नाही म्हणून १९३४ साली देश सोडला. महायुद्धात त्याला लंडनच्या मिल हिल येथील इस्पितळात काम मिळाले (नावात मिल आहे, पण ही गिरणी नव्हे, शाळेच्या इमारतीत उघडलेले इस्पितळ). तिथे मनाने मोडलेले सैनिक येत. अशा ७०० सैनिकांच्या ३९ नोंदी घेऊन त्याने गणित मांडले आणि १९४७ च्या पुस्तकात सांगितले की न्यूरॉटिकपणा ही प्रत्येक माणसात कमी-जास्त असणारी मोजपट्टी आहे. वेडा आणि शहाणा अशा दोन पेट्या नाहीत. हे त्याचे योगदान मी मोठे मानतो. त्यामुळे आजारी माणूस आपल्यातलाच ठरला.

पण पुढच्या पावलाला घसरण झाली. १९५१ साली थोड्याशा जुळ्या मुलांवरून त्याने हा स्वभाव ८० टक्के आनुवंशिक असल्याचे ठरवले. नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी तो आकडा निम्म्याच्याही खाली आणला. १९७१ साली तर गोऱ्या-काळ्यांच्या बुद्धीतल्या फरकामागेही आनुवंशिकता आहे असे त्याने पुस्तक लिहून मांडले. जन्मावरून माणसाची पायरी ठरवण्याचा खेळ आपल्याला नवा नाही, जास्त सांगायला नको. १९९७ साली तो वारला. स्वभाव आणि कॅन्सर-हृदयरोग यांचा संबंध दाखवणारे त्याचे बरेच निबंध विश्वासार्ह नाहीत, असा निर्वाळा २०१९ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीने दिला.

मोजपट्टीतही एक गोम होती. "तुम्हाला वारंवार विनाकारण वाईट वाटते का?" हा प्रश्न खचलेल्या माणसाला विचारला तर तो हो म्हणणारच. मग तो स्वभाव मोजला की आजार? १९६५ साली कॉपन आणि मेटकाफ यांनी तेच रुग्ण आजारात आणि बरे झाल्यावर असे दोनदा तपासले. बरे झाल्यावर न्यूरॉटिकपणाचे गुण खाली आले. म्हणजे ज्याला जन्माचा स्वभाव म्हटले त्यात आजाराचा वाटा होताच.

यावर उपाय एकच, माणूस खचण्याआधी मोजायचे आणि वाट पाहायची. ते काम अमेरिकेच्या व्हर्जिनियातील केनेथ केंडलर यांनी जुळ्यांवर केले. १९९३ साली आणि पुन्हा २००६ साली, स्वीडनच्या वीस हजारांवर जुळ्यांच्या २५ वर्षांच्या नोंदींवरून, निघाले ते असे : काळजीखोर स्वभावाच्या माणसाला पुढे नैराश्य येण्याचा धोका खरोखरच जास्त. दोहोंमागची आनुवंशिक कारणे काही सारखी, पण सगळी नाहीत. आणि २००४ च्या त्यांच्या अभ्यासात दिसले की असा माणूस आघाताने जास्त मोडतो. म्हणजे स्वभाव ही कोरडी काडी, ठिणगी बाहेरूनच पडते.

ठिणगीचा अभ्यास मॉडस्लेच्या दारातच झाला होता. त्याच कँबरवेल भागातल्या बायकांना जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी घरी जाऊन विचारले आणि १९७८ साली पुस्तक काढले. कामगार वर्गातल्या लेकुरवाळ्या बायका जास्त खचत होत्या. ज्यांची आई लहानपणीच गेली, घरात तीन किंवा अधिक लहान मुले, बाहेर नोकरी नाही, मन मोकळे करायला जवळचे माणूस नाही, त्यांच्यावर आघात जास्त बसत होता. यातले स्वभाव किती आणि संसार किती, तुम्हीच सांगा.

आता जे सगळ्यात आधी सांगायला हवे होते ते. ऑस्ट्रियात मारिएंटाल नावाचे गिरणीचे गाव होते. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली. ४७८ कुटुंबांपैकी बहुतेकांचा रोजगार गेला. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांच्या तुकडीने तिथे अभ्यास केला. नुसते बघे म्हणून गावात फिरायचे नाही असा त्यांचा नियम होता, म्हणून कपडे वाटले, दवाखाना चालवला. पुस्तक १९३३ साली निघाले, पण नावे ज्यू म्हणून लेखकांची नावे त्यावर छापली नाहीत. त्यांनी रस्त्यावर उभे राहून लोकांची चाल पाहिली. पुरुष सावकाश चालत, पुनःपुन्हा थांबत. कामगारांच्या वाचनालयात वर्गणी माफ होऊनही पुस्तके नेण्याचे प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. वेळ भरपूर, वाचायला मन नाही! १८ जानेवारी १९८२ नंतरचे गिरणगाव ज्यांनी पाहिले त्यांना हे परक्या देशातले वाटणार नाही.

कुटुंबांचे त्यांनी चार प्रकार केले : न मोडलेली, निमूट सोसणारी, हताश, आणि सगळेच सोडून दिलेली. वरवर पाहता हा स्वभावाचाच फरक. पण त्यांनी प्रत्येक घराची माणशी महिन्याची मिळकतही काढली. न मोडलेल्यांची ३४ शिलिंग, सोसणाऱ्यांची ३०, हताश झालेल्यांची २५, आणि ज्यांनी सगळे सोडून दिले होते त्यांची १९.