ॲडम के यांनी डॉक्टरकी का सोडली? डॉक्टर स्वतःचं नैराश्य का लपवतात?

सहा वर्षं मेडिकलचं शिक्षण आणि त्यानंतर सहा वर्षं ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत नोकरी. ॲडम के प्रसूती विभागात वरिष्ठ पदावर पोहोचले होते. पण २०१० मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते टीव्हीसाठी विनोदी लेखन करू लागले.

नोकरी सोडण्याचं खरं कारण त्यांनी कित्येक वर्षं सांगितलं नाही. २०१७ मध्ये त्यांच्या नोकरीच्या काळातल्या डायऱ्या 'धिस इज गोइंग टू हर्ट' या नावाने पुस्तकरूपात आल्या, तेव्हा ते लोकांना कळलं. २०२२ मध्ये बीबीसीने त्यावर मालिकाही काढली.

नेमकं काय घडलं होतं?

एका सिझेरियनच्या वेळी त्या बाईची वार गर्भाशयाच्या तोंडावर असल्याचं समोर आलं. याला 'प्लासेंटा प्रीव्हिया' म्हणतात. यात जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ही गोष्ट आधीच माहीत असावी लागते. या बाईच्या बाबतीत ती कुणाच्याच लक्षात आली नव्हती. बाळ वाचलं नाही. आईला अतिदक्षता विभागात हलवावं लागलं.

ॲडम यांना कुणी दोषी ठरवलं नाही. त्यांच्या जागी दुसरा कुणी डॉक्टर असता तरी त्याने तेच केलं असतं. तरीही ते आतून खचले. जराशी शंका आली की ते थेट सिझेरियनचा निर्णय घेऊ लागले. काही महिन्यांतच त्यांनी नोकरी सोडली.

सहा महिने आपल्याला हसूच आलं नाही, असं त्यांनी लिहिलंय. त्यांना समुपदेशनाची गरज होती आणि रुग्णालयाने ते द्यायला हवं होतं. पण या पेशात अशा गोष्टींवर न बोलण्याचा अलिखित नियमच आहे, असं ते म्हणतात.

थकवा आणि नैराश्य यात फरक काय?

कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या थकव्याला 'बर्नआउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानत नाही. ती कामाशी जोडलेली अवस्था आहे. नैराश्य मात्र आजार आहे. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ रोज उदास वाटणं, कशातच आनंद न वाटणं, झोप आणि भूक बिघडणं, सतत अपराधी वाटणं ही त्याची लक्षणं. सुट्टी घेतली की थकवा कमी होऊ शकतो, पण नैराश्याला उपचार लागतात.

मग डॉक्टर उपचार का घेत नाहीत?

लक्षणं त्यांना पाठ असतात, औषधंही माहीत असतात. अडचण वेगळीच असते. उपचार करणारा बहुतेक वेळा त्यांच्याच ओळखीतला निघतो. बातमी वॉर्डात पसरेल, वरिष्ठ 'याला झेपत नाही' म्हणतील, परवान्यावर गदा येईल, अशी भीती वाटते. त्यात आपण रजा घेतली तर आपली ड्युटी दुसऱ्याच्या गळ्यात पडणार, हेही असतंच.

या भीतीवर उपाय म्हणून लंडनमध्ये २००८ साली डॉ. क्लेअर जेराडा यांच्या पुढाकाराने फक्त डॉक्टर आणि दंतवैद्यांसाठी गोपनीय उपचारसेवा सुरू झाली. पुढे ती इंग्लंडभर पोहोचली.

आपल्याकडे काय परिस्थिती आहे?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यासाठीच्या सर्वेक्षणात एमबीबीएसच्या २७.८ टक्के आणि पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं. निवासी डॉक्टरांना आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास काम आणि एक दिवस सुट्टी असावी, अशी शिफारस दलाने केली. पण सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी नको, असं केंद्राच्या निवासी डॉक्टर योजनेत १९९२ पासूनच लिहिलेलं आहे. तरीही सलग २४ किंवा ३६ तासांच्या ड्युट्या आजही लागतात.

शिवाय आपल्याकडे सोडून जाणंही सोपं नाही. अनेक राज्यांत पदव्युत्तर शिक्षणाची जागा मध्येच सोडली तर लाखोंचा दंड भरावा लागतो. त्याला 'सीट लिव्हिंग बाँड' म्हणतात. ही अट काढून टाका, असं आयोगाने २०२४ च्या सुरुवातीला राज्यांना कळवलं. म्हणजे मदत मागायला लाज वाटते आणि बाहेर पडायला पैसे नसतात, अशा कोंडीत हे तरुण डॉक्टर सापडतात.

राजीनामा हा उपाय आहे का?

कुणासाठी तो योग्य निर्णय असू शकतो आणि त्यात कमीपणा काही नाही. पण राजीनामा म्हणजे उपचार नव्हे. नोकरी सुटली तरी आजार सोबत येऊ शकतो. नैराश्य बरं होऊ शकतं आणि उपचार घेऊन पुन्हा कामावर येणारे डॉक्टरही आहेत. म्हणून एवढा मोठा निर्णय घेण्याआधी उपचार मिळायला हवेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. रुग्ण स्वतः डॉक्टर असला तरी तो हक्क तसाच राहतो.

तुमच्या घरात किंवा मित्रमंडळींत कुणी डॉक्टर असेल, तर 'तू तर डॉक्टर आहेस, तुला काय सांगायचं' असं म्हणून विषय संपवू नका. झोप होते का, जेवण जातं का, एवढं तरी विचारा. तुम्हाला स्वतःला किंवा ओळखीतल्या कुणाला मदत हवी असेल, तर केंद्र सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक २४ तास सुरू असतो. फोन मोफत आहे.