नागीण, विषाणू आणि औषधाची चिठ्ठी : हर्पीसवरील उपचारांचा ऐतिहासिक आढावा (नाशिकच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाराष्ट्रात 'नागीण' या नावाने ओळखला जाणारा विकार ग्रामीण व नागरी अशा दोन्ही समाजांत सारखाच परिचित आहे. छातीच्या वा पाठीच्या एका बाजूस आग होऊ लागते आणि दोन-तीन दिवसांत त्याच जागी पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा उठतो. घरातील वडीलधारी माणसे तत्काळ रोगाचे नाव सांगतात. निदान सहसा बरोबर असते. प्रश्न त्यानंतरच्या दिवसांचा असतो. या रोगावर परिणामकारक औषध उपलब्ध होऊन चार दशके उलटली आहेत. मात्र त्या औषधाचा लाभ मिळण्यासाठी पुरळ उठल्यापासूनचे पहिले ७२ तास सर्वाधिक महत्त्वाचे असतात. हेच तास पुष्कळदा नागीण 'उतरविण्यात' किंवा दुकानातून मलमाची नळी आणून लावण्यात जातात. नागिणीची लोकसमजूत, तिचे शास्त्रीय आकलन, विषाणूरोधक औषधांचा शोध आणि ती औषधे रुग्णापर्यंत पोहोचविणारी कायदेशीर चौकट यांचा परस्परसंबंध प्रस्तुत लेखात तपासला आहे.

१. नावाचा इतिहास : सरपटणारा रोग

या रोगाचे नाव आणि सर्प यांचा संबंध केवळ मराठीपुरता मर्यादित नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकविसावा अध्याय 'विसर्प' या रोगाला वाहिलेला आहे. 'सृप्' म्हणजे सरपटणे, या धातूपासून हा शब्द बनला. ग्रीक भाषेतील 'हर्पेइन' या क्रियापदाचाही अर्थ सरपटणे असाच असून 'हर्पीस' हे नाव त्यावरून आले. भाषाशास्त्रदृष्ट्या ही दोन्ही क्रियापदे एकाच मूळ धातूची अपत्ये आहेत. 'झोस्टर' या ग्रीक शब्दाचा अर्थ कंबरपट्टा असा होतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये बाहू, कूस, खांदा व काख येथे उठणाऱ्या वेदनायुक्त फोडांचे 'कक्षा' या नावाने वर्णन आहे, आणि अनेक अभ्यासक नागिणीचे साम्य या वर्णनाशी जोडतात. विसर्प आणि आजची नागीण हे एकच रोग आहेत असे मात्र म्हणता येत नाही, कारण विसर्पाची व्याप्ती त्याहून कितीतरी मोठी आहे.

प्राचीन निरीक्षण असे सूक्ष्म असले तरी लोकव्यवहारात नावाबरोबर भीतीही आली. नागिणीची दोन टोके एकमेकांना मिळाली की रोगी दगावतो, ही समजूत महाराष्ट्रात सर्वदूर आढळते. म्हणून गेरू किंवा तत्सम लेप लावून तिची वाट अडविणे, मंत्राने तिला उतरविणे असे उपाय रूढ झाले. या उपायांना यश का येत असे, हे समजून घेणे इतिहासदृष्ट्या आवश्यक आहे. नागिणीचे फोड साधारणतः दोन ते चार आठवड्यांत आपोआप वाळतात. शिवाय सुदृढ माणसात पट्टा शरीराची मध्यरेषा सहसा ओलांडत नाही, त्यामुळे टोके मिळण्याचा प्रसंग क्वचितच येतो. रोगाच्या या नैसर्गिक क्रमाचे श्रेय उतरविणाऱ्यास मिळत गेले. फोड वाळल्यावर महिनोन्‌महिने राहणारी वेदना मात्र त्याच्या हिशेबात कधीच धरली गेली नाही.

२. पट्ट्याचे कोडे

पट्टा एकाच बाजूस का उठतो, याचे उत्तर विसाव्या शतकाच्या आरंभी मिळाले. हेन्री हेड व ए. डब्ल्यू. कॅम्पबेल यांनी १९०० साली मृत रुग्णांच्या शवविच्छेदनावरून दाखवून दिले, की या रोगात पाठीच्या कण्यालगतच्या चेतागंडिकांना इजा झालेली असते. प्रत्येक गंडिकेतून निघणारी चेता शरीराच्या एका बाजूवरील त्वचेच्या ठरावीक पट्ट्याला संवेदना पुरविते. फोड त्याच पट्ट्यात उठतात.

त्याआधी हंगेरीतील फॉन बोकाय यांनी नागीण झालेल्या व्यक्तीच्या सहवासातील मुलांना कांजिण्या होतात, हे नोंदविले होते. १९५० च्या दशकात थॉमस वेलर यांनी दोन्ही रोगांतील विषाणू प्रयोगशाळेत वाढवून ते एकच असल्याचे दाखविले. पुढे १९६५ मध्ये एडगर होप-सिम्पसन या इंग्रज ग्रामीण वैद्याने आपल्या रुग्णांच्या दीर्घकालीन नोंदींवरून सिद्धांत मांडला, की बालपणीच्या कांजिण्यांचा विषाणू गंडिकेत सुप्त राहतो आणि प्रतिकारशक्ती क्षीण झाली की पुन्हा जागा होतो. नागीण बाहेरून येत नाही. ती कित्येक वर्षे शरीरातच असते. ओठावरील 'जर' व जननेंद्रियांवरील हर्पीस हे याच कुलातील भिन्न विषाणूंमुळे होतात. तेही चेतागंडिकेत दडून राहतात आणि पुनःपुन्हा डोके वर काढतात.

३. औषधाचा शोध : विषापासून औषधापर्यंत

विषाणू पेशीच्या आत राहून पेशीचीच यंत्रणा वापरतो. त्यामुळे विषाणूला मारणारे द्रव्य पेशीलाही मारणारच, अशी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेकांची धारणा होती, आणि आरंभीच्या औषधांनी ती दृढच केली. विल्यम प्रुसॉफ यांनी १९५९ मध्ये बनविलेले आयडॉक्सयुरिडीन १९६२ पासून डोळ्यातील हर्पीसवर यशस्वीपणे वापरले गेले. परंतु मेंदूच्या हर्पीसवर ते शिरेतून देण्याचा प्रयोग विषारी परिणामांमुळे १९७० च्या दशकात थांबवावा लागला.

परिस्थिती पालटली ती असायक्लोव्हिरमुळे. अमेरिकेत बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत हॉवर्ड शेफर, गर्ट्रूड एलियन व त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकात हे द्रव्य विकसित केले. विषाणूने ग्रासलेल्या पेशीत थायमिडीन कायनेज हे विषाणूचे स्वतःचे विकर तयार होते. असायक्लोव्हिरला प्रथम कार्यक्षम रूप देते ते हेच विकर. निरोगी पेशीत ते नसल्याने तेथे औषध जवळजवळ निष्क्रिय राहते. शत्रूच्याच हाताने कुलूप उघडावे, तसा हा प्रकार होय. एलियन यांच्याकडे पीएच.डी. नव्हती, १९८८ चे नोबेल पारितोषिक त्यांना जॉर्ज हिचिंग्ज व जेम्स ब्लॅक यांच्यासमवेत मिळाले. अमेरिकेत असायक्लोव्हिरच्या मलमाला १९८२ मध्ये आणि पोटात घेण्याच्या स्वरूपाला १९८५ मध्ये मान्यता मिळाली. उपचाराविना सुमारे ७० टक्के रुग्णांचा बळी घेणाऱ्या हर्पीसजन्य मेंदूज्वरात या औषधाने मृत्यूचे प्रमाण पुष्कळ खाली आणले. १९९० च्या दशकात फॅमसायक्लोव्हिर व व्हॅलासायक्लोव्हिर आली. ती दिवसातून कमी वेळा घ्यावी लागतात, एवढीच सोय रुग्णाच्या दृष्टीने मोठी ठरली.

४. औषध भारतात : पेटंट, परवाना आणि चिठ्ठी

न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर आधारलेला पेटंट कायदा १९७० मध्ये संमत झाला व १९७२ मध्ये अमलात आला. औषधद्रव्यावर नव्हे, तर ते बनविण्याच्या प्रक्रियेवर पेटंट देण्याची त्यातील तरतूद २००५ पर्यंत टिकली. परिणामी परदेशात पेटंटखाली असलेली औषधे देशी कंपन्या वेगळ्या प्रक्रियेने बनवू शकल्या, आणि असायक्लोव्हिर सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आले.

नाशिक या इतिहासाच्या परिघाबाहेर नाही. अंबड औद्योगिक वसाहतीत ज्या ग्लॅक्सो कंपनीचा कारखाना उभा राहिला, तिने १९९५ मध्ये असायक्लोव्हिरची जन्मदात्री असलेली वेलकम कंपनी जागतिक पातळीवर विकत घेतली. १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना नाशिक येथे झाली. चरकसंहितेतील विसर्पाचा अध्याय आणि विषाणूरोधक औषधांचे औषधशास्त्र हे दोन्ही विषय शिकविणारी महाविद्यालये या एकाच विद्यापीठाशी संलग्न आहेत. याच नाशिक जिल्ह्यात सुरगाणा व पेठसारखे डोंगराळ आदिवासी तालुकेही आहेत. तेथील दुर्गम पाड्यांवरून जिल्हा रुग्णालय गाठणे आणि ७२ तासांची मर्यादा पाळणे ही सोपी गोष्ट नाही.

औषध स्वस्त झाल्याने दुसरा प्रश्न उद्भवला. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये केलेल्या १९४५ च्या नियमांतील 'अनुसूची एच'मध्ये असायक्लोव्हिरचा समावेश आहे. म्हणजेच नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र जुनी चिठ्ठी किंवा रिकामे पाकीट दाखवून औषध मागणे सर्वत्र परिचयाचे आहे.

५. सुरक्षित वापराची सूत्रे

हे औषध तुलनेने निर्धोक आहे. तरीही त्याची सुरक्षितता मात्रा, वेळ व रुग्णाची प्रकृती या तीन गोष्टींवर अवलंबून असते.

मात्रेचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या लैंगिक आजार उपचारपद्धतीत जननेंद्रियावरील हर्पीससाठी लाल रंगाचा पाचव्या क्रमांकाचा संच ठरविण्यात आला. त्यात असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवस दिले जाते. दैनिक मात्रा १,२०० मिलिग्रॅम होते. प्रौढाच्या नागिणीसाठी प्रचलित मात्रा ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस, म्हणजे दररोज ४,००० मिलिग्रॅम अशी आहे. औषध एकच, पण मात्रा तिपटीहून अधिक. शेजाऱ्याची चिठ्ठी का चालत नाही, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. नागिणीवर नुसते मलम चोळणे हा तर पर्यायच नव्हे, कारण विषाणू चेतागंडिकेतून येत असतो.

असायक्लोव्हिर मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. शरीरातील पाणी कमी असल्यास त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचू शकतात. म्हणून भरपूर पाणी पिणे हा उपचाराचाच भाग समजला जातो. मूत्रपिंड दुर्बल असलेल्या व वृद्ध रुग्णांत मात्रा कमी न केल्यास बरळणे, झटके, अतिनिद्रा अशी लक्षणे उद्भवतात; घरच्यांना ती म्हातारपणाची वाटू शकतात. गरोदरपण, मूत्रपिंडाचा विकार आणि चालू असलेली इतर औषधे यांची माहिती वैद्याला देणे त्यामुळे अनिवार्य ठरते. नागीण कपाळावर वा नाकाच्या शेंड्यावर उठल्यास डोळ्याला धोका असतो आणि नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावे लागते. तरुण व्यक्तीस नागीण झाल्यास प्रतिकारशक्तीची, विशेषतः एचआयव्हीची, तपासणी वैद्य सुचवितात.

औषधाच्या मर्यादाही स्पष्ट असणे इष्ट आहे. ते सुप्त विषाणूचे निर्मूलन करीत नाही. फोड व तीव्र वेदना यांचा काळ ते कमी करते. नागिणीनंतरची चिवट वेदना हमखास टळेल, अशी ग्वाही देता येत नाही. ७२ तासांनंतरही नवे फोड येत असल्यास, डोळा ग्रस्त असल्यास किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असल्यास वैद्य औषध सुरू करतात. उशीर झाला म्हणून दवाखाना टाळणे त्यामुळे योग्य नव्हे. पन्नाशीपुढील व्यक्तींसाठी नागिणीची प्रतिबंधक लस २०२३ पासून भारतात उपलब्ध झाली आहे.

समारोप

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा मानला आहे. नागिणीच्या नावात सर्प असला, तरी ती या तरतुदीत स्वाभाविकपणेच बसत नाही. येथे कायद्याचे काम शिक्षणालाच करावे लागेल.

उतरविणारा आणि चिठ्ठीविना गोळ्या घेणारा हे परस्परविरोधी टोकांवर उभे असल्याचे भासते. परंतु त्यांची चूक एकच आहे. आपोआप वाळणाऱ्या फोडांचे श्रेय पहिला मंत्राला देतो, तर दुसरा उशिरा व अपुऱ्या मात्रेत घेतलेल्या गोळीला. दोघांनाही रोगाचा नैसर्गिक क्रम ठाऊक नसतो. तो शिकविण्यासाठी विज्ञान शाखेचीच गरज आहे असे नाही. भाषा, इतिहास व समाजशास्त्र यांच्या वर्गातही 'नागीण' हा एक शब्द त्यासाठी पुरेसा आहे. नागिणीची दोन टोके मिळण्याची भीती निराधार आहे. भीती बाळगायचीच असेल, तर ती हातून निसटणाऱ्या पहिल्या तीन दिवसांची बाळगावी.