वस्ताद पाहून तालीम

‘तालीम’ हा शब्द मराठीत अरबी-फारसीच्या वाटेने आला. मुळात त्याचा अर्थ शिक्षण एवढाच. मराठी माणसाने मात्र ते शिक्षण चार भिंतींत आणून बसविले आणि त्या भिंतींनाच तालीम म्हणण्यास प्रारंभ केला. ठेंगणे दार, आत अंधूक उजेड, मध्ये तांबड्या मातीचा हौद, कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती आणि भिंतीशी उभ्या केलेल्या मुद्गलांच्या जोड्या, हे चित्र त्या शब्दाबरोबर डोळ्यांपुढे येते. शिकविणारा तो वस्ताद; हाही शब्द ‘उस्ताद’ याचाच मराठी अवतार. ‘आखाडा’ हा मात्र संस्कृत ‘अक्षवाट’ या शब्दाचा वंशज, आणि तो निव्वळ जागेचे नाव आहे. मुलाला बलोपासनेस घालताना जुन्या काळचा बाप जागा पाहत असे की माणूस, या प्रश्नाचे उत्तर या शब्दांतच अर्धेअधिक सापडते. तो माणूस पाहत असे. पुढे मात्र हे उत्तर बदलत गेले. ते कसे बदलले हे पाहावयाचे तर बडोद्याइतके सोयीचे दुसरे शहर नाही.

मल्लविद्येचे शास्त्र आपल्याकडे पुष्कळ जुने आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकीच्या प्रकारांत मल्लांना स्वतंत्र स्थान दिलेले आहे. गुजरातेत मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांची, म्हणजे जेठींची, परंपरा ‘मल्लपुराणा’त ग्रथित झाली, ते पुराण बडोद्याच्या प्राच्यविद्यामंदिराने १९६४ साली प्रसिद्ध केले. मल्लांचे प्रकार कोणते, त्यांच्या अंगी कोणती लक्षणे असावीत, कोणत्या ऋतूत त्यांनी काय खावे, कुस्तीची जमीन कशी तयार करावी, हे सारे त्यात बारकाईने आले आहे. एवढे लिहून ठेवलेले असूनही ग्रंथ वाचून कोणी मल्ल झाला, असे ऐकिवात नाही. डाव हा अंगाने अंगाला सांगावयाचा असतो. ढाक, धोबीपछाड, कलाजंग ही नावे कानांनी शिकता येतील. परंतु प्रतिस्पर्ध्याचा तोल कोणत्या क्षणी सुटला हे मानेला आणि मनगटालाच कळावे लागते, आणि ते कळविणारा माणूस समोर लागतो.

म्हणूनच या विद्येचा प्रवास माणसांच्या प्रवासाबरोबर झाला. मल्लखांबाची गोष्ट याचे उत्तम उदाहरण होय. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब असे दोन पहिलवान पुण्यास आले व त्यांनी पेशव्यांच्या पदरच्या मल्लांना आव्हान दिले. ते कोणी स्वीकारीना. तेव्हा बाळंभटदादा देवधर या तरुणाने काही मुदत मागून घेतली, तो वणीच्या सप्तशृंगीकडे गेला, तेथे त्याला मारुतीने वानररूपाने लाकडावरच्या पकडी दाखविल्या, आणि परत येऊन त्याने गुलाबास चीत केले, अशी परंपरा सांगते. यातला दृष्टान्ताचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. त्यातील व्यवहार मात्र पटण्यासारखा आहे. ज्याला तोलाचा जोडीदार मिळत नाही त्याने एरंडेल चोळलेल्या लाकडी खांबाला जोडीदार करावे. खांब थकत नाही, रुसत नाही आणि चुकीच्या पकडीस दाद देत नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली. बाजीराव कानपुराजवळ ब्रह्मावर्तास गेला आणि मल्लखांबही उत्तरेकडे चालू लागला. कोंडभटनाना गोडबोले यांचे नाव काशीच्या आखाड्याशी जोडले गेले ते याच परंपरेतून. पुण्यात सत्ता राहिली नाही म्हणून विद्या बुडाली नाही. शिकविणारे जिकडे गेले तिकडे तालीम उभी राहिली. पुढे माळव्यात या खेळाने इतके मूळ धरले की मध्य प्रदेश शासनाने २०१३ साली मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. हा मान प्रथम नर्मदेपलीकडे मिळाला, हे पुणेकरांनी थोडे मनात ठेवावयास हरकत नाही.

बडोद्यात गायकवाडांच्या राजवटीमुळे दोन प्रवाह एकत्र आले. जेठींची गुजराती मल्लविद्या तेथे होतीच. तिला दक्षिणेतून आलेल्या मराठी शिलेदार-मानकऱ्यांची पट्टा, बोथाटी आणि फरीगदका यांची परंपरा मिळाली. राजाश्रयाच्या या गावात नाव मात्र दुमदुमले ते जुम्मादादा या वस्तादांचे. जुम्मादादा मुसलमान, त्यांचे पट्टशिष्य माणिकराव हे मराठी हिंदू घरातले. शिष्याने गुरूची केवळ विद्याच चालविली असे नव्हे, तर आपल्या संस्थेस गुरूचे नाव दिले. ‘जुम्मादादा व्यायाम मंदिर’ या एका नावात तो काळ साठविलेला आहे. मंदिर हा शब्द, जुम्मादादा हे नाव, आणि दोहोंच्या मध्ये व्यायाम! विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आखाड्यांची धर्मवार वाटणी करण्याची हवा हिंदुस्थानभर वाहत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या पाटीचे मोल कळते. माणिकरावांना गुरू निवडताना जात-धर्म आडवा आला नाही, कारण ते विद्या पाहत होते.

राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनी तालमीच्या कल्पनेत जो पालट केला तो मात्र गुरूच्या पद्धतीहून वेगळा होता. जुन्या वस्तादाभोवती दहा-वीस पठ्ठे असत. प्रत्येकाची ताकद, हाड आणि स्वभाव पाहून तो कोणास शंभर जोर सांगे, कोणास नुसत्या बैठका, कोणास हौद खणावयास लावी. ठेवणीतला डाव तर तो शेवटपर्यंत राखून ठेवी. माणिकरावांपुढे निराळा प्रश्न होता. शेकडो मुले एका मैदानात उभी करून त्यांना एका वेळी व्यायाम कसा द्यावा? त्या काळी सामुदायिक कवायत म्हणजे पलटणीची कवायत, आणि तिचे हुकूम इंग्रजी. माणिकरावांनी देशी व्यायामाचे प्रकार ओळीत बसविले, त्यांना हिंदी आज्ञा दिल्या आणि ‘संघव्यायाम’ सिद्ध केला. लेझीम, लाठी, जोर हे सारे एका तालावर, एका आज्ञेवर होऊ लागले. शाळांना हे फार सोयीचे पडले. पण प्रत्येक सुधारणेचे मोल द्यावे लागते. ओळीत उभ्या असलेल्या शंभरांपैकी सत्तराव्या मुलाचा गुडघा आत वळतो आहे, हे आज्ञा देणाऱ्यास दिसत नाही. हौदाच्या काठावर बसलेल्या वस्तादास ते प्रथम दिसत असे.

माणिकरावांनी ही उणीव दुसऱ्या बाजूने भरून काढली होती, असे म्हणता येईल. ते नामांकित हाडवैद्य होते. निखळलेला खांदा बसविणे, मुरगळलेला घोटा उतरविणे हे काम जुन्या तालमीत वस्तादाकडेच असे, आणि जाणते पालक तालीम पारखताना याची चौकशी करीत. ज्याला हाड कोठे निखळते हे ठाऊक, तोच पोरांना कोठे थांबवावे हे जाणतो, हा त्यामागचा हिशेब. हौदाच्या मातीवरूनही परीक्षा होई. जेथे माती वेळेवर खणली जाते, तीत ताक, तेल, हळद पडते, खडा निवडला जातो, तेथे पोरांच्या कातडीची काळजी घेणारा कोणी आहे हे उघड दिसते.

याच व्यायाम मंदिरात १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक विद्यार्थी माणिकरावांपाशी शिकला. गुणे मूळचे बडोद्याजवळच्या डभोईचे, जन्म १८८३ चा. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविलेले. अशा हुशार मुलाने पुस्तक सोडून आखाड्यात दिवस घालवावेत, हे त्या काळच्या पांढरपेशा घरांत कौतुकाने पाहिले जाण्यासारखे नव्हते. पण माणिकरावांच्या हाताखाली मिळालेली देशी व्यायामाची दीक्षा त्यांना जन्मभर पुरली. पुढे मालसरच्या परमहंस माधवदासजींकडून ते योग शिकले. उड्डियान आणि नौली यांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे त्यांनी १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत तपासून पाहिले. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद ते हेच. आखाड्यात अंग कसलेल्या माणसाला क्ष-किरणांचे यंत्र परके वाटले नाही, ही बडोद्याची खरी कमाई म्हणावी लागेल.

दुसरी कमाई ग्रंथांची. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात बडोद्याहून ‘व्यायामज्ञानकोश’ दहा खंडांत प्रसिद्ध केला. जी विद्या वस्तादाच्या छातीत बंद असे, ती नावांसह आणि चित्रांसह छापून कोणाही वाचकाच्या हाती आली. गुप्त डावांच्या जमान्यावर पडलेला हा मोठाच पडदा होय.

बडोद्याच्या सयाजीबागेतील वस्तुसंग्रहालयात एक दगड ठेवलेला आहे. गामा पहिलवानाने तो २३ डिसेंबर १९०२ रोजी उचलला, असे त्यावर कोरलेले आहे. त्याचे वजन १,२०० किलो असल्याचे सांगतात. एवढे वजन माणसाने छातीपर्यंत नेले असे मानणे शरीरशास्त्रास धरून होणार नाही. टेकू देऊन हलविले असेल, तरी तो पराक्रमच. असे दगड पाहून तरुण आखाड्याकडे वळत, पण केवळ दगड पाहून आलेले फार दिवस टिकत नसत.

बडोद्याने घालून दिलेली संस्थेची वाट वऱ्हाडात अधिक रुंद झाली. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा काढला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या चमूने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. येथे विद्यार्थी गावावरून येत, वसतिगृहात राहत, प्रमाणपत्र घेऊन शाळेत व्यायामशिक्षक होत. वस्तादाबरोबर पोटापाण्याचा विचारही आता निवडीत शिरला.

कोल्हापूरची कथा निराळी आहे. तेथे संस्थेपेक्षा गावच तालीम झाले. राजर्षी शाहू १९०२ साली विलायतेस गेले असता त्यांनी रोमचे जुने क्रीडागृह पाहिले, आणि त्यावरून सुचलेले खासबाग मैदान १९१२ साली कुस्तीस खुले झाले. पेठेपेठेत तालीम आणि मध्ये हे मैदान. सकाळी शिकावे आणि हजारो डोळ्यांपुढे लढावे. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातील पोरे साहजिकच तिकडे ओढली गेली. चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे कोल्हापुरात शाहूपुरी तालमीत घडले आणि १९५९ साली पंजाबच्या बंतासिंगास हरवून पहिले हिंदकेसरी झाले. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या आणि एकसंबे एका राज्यात, कोल्हापूर दुसऱ्यात गेले. तालमीच्या नकाशाने ती रेघ कधी मानली नाही. मुलाच्या काखेत लंगोट आणि शिधा देणाऱ्या बापाला वस्तादाचे नाव पुरेसे असे.

१९४९ साली कोल्हापूर व बडोदे ही दोन्ही संस्थाने विलीन झाली आणि दूध, तूप, बदाम यांचा खर्च सोसणारा राजा राहिला नाही. पहिलवानाचा खुराक शेतकरी घरावर पडला. ज्या घरात एक म्हैस, तिचे सारे दूध एका मुलाला आणि बाकीच्यांना कोरा चहा, अशी घरे त्या मुलखात थोडीथोडकी नव्हती. तालीम चुकीची निवडली तर मुलाची पाच-सात वर्षे तर जातच. शिवाय भावंडांच्या वाट्याचे दूधही वाया जाई.

त्याच सुमारास निवडीत एक नवाच प्रश्न उभा राहिला, तो मातीचा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असता १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले. तोवर त्यांचे सारे शिक्षण मातीत झाले होते. मॅटवरची कुस्ती, तिचे गुण, तिच्या वेळेचे बंधन हे त्यांना परके होते. तरीही ते सहावे आले. लंडनहून परतल्यावर त्यांनी चार वर्षे नव्या नियमांच्या धोरणाने मेहनत घेतली. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता. तेव्हा लोकांनी वर्गणी दिली आणि महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण टाकले. तेथे बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

मातीत पाय रुततो, हालचाल जड होते, म्हणून ताकद आणि दम वाढतो. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे टेकल्याखेरीज निकाल नाही. मॅटवर पाय सुटा राहतो, चपळाई लागते आणि एकेका पकडीस गुण मिळतो. मातीत वाढलेला मल्ल योग्य क्षणाची वाट पाहतो. मॅटवर वाट पाहणारा गुण गमावतो. जुने वस्ताद मॅटला कुस्ती मानावयास बराच काळ तयार नव्हते, आणि मॅटवरचे शिक्षक मातीला हौस म्हणत. आज कोल्हापूरच्या कित्येक तालमींत हौदाशेजारीच मॅट अंथरलेली आढळते. पोरे पहाटे मातीत उतरतात, अंग धुतात, आणि दिवस कलताना मॅटवर येतात. आणि वस्ताद आपला एकच पठ्ठा दोन्ही जागी उभा राहून पाहतो.